सरावाची किल्ली

माझी आत्या चादरी वाचते.

एका वृद्धनिवासाच्या धुलाईघरात तीस वर्षं काढलेली बाई. सकाळी ढकलगाडीतून चादरींचे ढीग येतात. यंत्रात घालण्याआधी ती एकेक चादर झटकून उजेडाकडे धरते. चुरगळलेली चादर म्हणजे रात्रभर कुशी बदललेल्या. एकाच कोपऱ्याला पीळ पडलेला, म्हणजे कोणीतरी तो कोपरा मुठीत धरून पहाट केलेली. पायथ्याशी फाटलेली, म्हणजे नखं कापायला कोणाला वेळ झालेला नाही. माणसं काही खाली येऊन सांगत नाहीत गं, चादरी सांगतात, असं ती म्हणायची. आणि मग एका वर्षी वरच्या मजल्यावरून न चुरगळलेल्या चादरी यायला लागल्या. मधोमध ओल, आणि चारी बाजूंना इस्त्री जशीच्या तशी. म्हणजे वरचं माणूस रात्रभर हललेलंच नाही. एका खोलीच्या नाहीत, दोन खोल्यांच्या नाहीत, ओळीनं नऊ खोल्यांच्या. म्हाताऱ्यांना गोळ्या देऊन निपचित निजवतात हे आत्याला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं ते चादरींवरून ताडलं, आणि दोन वर्षं एका वहीत तारीख आणि चादरीच्या कोपऱ्यावरचा खोलीचा नंबर लिहीत राहिली.

पुढे चौकशी समिती बसली तेव्हा ही वही फार मोलाची ठरणार होती. म्हाताऱ्यांच्या नातेवाइकांच्या वतीनं लढणाऱ्या वकीलबाईंच्या कचेरीत मी काम करते. आत्याला तिथवर मीच आणलं. आणताना वकीलबाईंना म्हणाले, ओळखीच्या एक बाई आहेत. आत्या आहे असं म्हणाले नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं इथूनच सुरू होतं. आई गेल्यावर मला आत्यानं वाढवलं. माझ्या शाळेच्या गणवेशाला त्याच धुलाईघराच्या रोलरची इस्त्री असायची. वर्गात इतकी कडक घडी कोणाचीच नव्हती. दमट, गरम, साबणाच्या वासाच्या त्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून मी पाढे पाठ केले. पण कचेरीत मात्र सगळे धरून चालले होते की मी शिकल्यासवरल्या घरातली आहे. मी तसं कधी सांगितलं नाही. फक्त कोणी तसं धरून चाललं की मी ते खोडलं नाही.

कचेरीत माझं काम किल्ल्यांचं. साक्षीदार आम्हाला जे लिहितात आणि आम्ही त्यांना जे लिहितो, ते वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद करून पाठवायचं असतं. त्यासाठी प्रत्येकाच्या यंत्रात, म्हणजे संगणकात, किल्ल्यांची एक जोडी तयार करायची. एक उघडी किल्ली, ती जगाला वाटायची. तिनं मजकूर बंद करता येतो, बस्, उघडता येत नाही. दुसरी खासगी, ती ज्याची त्याच्यापाशी. बंद केलेलं फक्त तिनंच उघडतं. आत्याच्या उघड्या किल्लीनं मी निरोप बंद केला की तो आत्याशिवाय कोणाला उघडायचा नाही. मलासुद्धा नाही. वकीलबाईंचा तसा दंडकच होता: पाठवलेल्याची वाचता येईल अशी प्रत कचेरीत ठेवायची नाही, उद्या कोणी आमची यंत्रं उचलून नेली तर त्यांच्या हाती फक्त अक्षरांचा भुसा लागला पाहिजे.

आणखी एक दंडक होता. किल्लीवर नाव कोणीही कोणाचंही घालू शकतो, म्हणून नावावर विसंबायचं नाही. प्रत्येक किल्लीला स्वतःचा एक ठसा असतो, चाळीस इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा. साक्षीदाराला फोन लावायचा, स्पीकर चालू ठेवायचा. त्यानं आपल्या पडद्यावरून ठसा वाचायचा, मी आमच्या पडद्यावर बोट ठेवून तो मोठ्यानं परत म्हणायचा, आणि शेजारी बसलेल्या फाईलभाऊंनी रजिस्टरात चार-चार अक्षरांवर पेन्सिलीनं खुणा करायच्या. मग दोघांच्या सह्या. फाईलभाऊ म्हणजे आमच्या कचेरीची कागदपत्रं सांभाळणारे गृहस्थ. माणूस वाईट नाही, पण नक्कल करण्यात पटाईत. एका साक्षीदाराला शिंका फार यायच्या. त्याच्या ठशात शिंका कुठे कुठे आल्या हे फाईलभाऊ महिनाभर करून दाखवत होते, आणि सगळ्यांत जास्त मी हसत होते. मला ते किल्लीताई म्हणतात.

आत्याच्या खोलीवर तिला द्यायचं यंत्र घेऊन गेले तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. धुलाईघराच्या मागे तिची खोली. एक खाट, एक खिडकी, खिडकीतून वाफेचा पाइप दिसतो. तिला भीती वाटत होती, म्हणून मी म्हटलं, आधी खोटी-खोटी करून बघू, बिघडलं तरी चालेल. सरावासाठी एक जोडी केली. तिची उघडी किल्ली कचेरीच्या यादीत पाठवली, एक निरोप बंद केला, उघडून दाखवला. ती हरखली. मग सरावाची खासगी किल्ली मी तिच्याच हातानं पुसायला लावली आणि म्हटलं, आता खरी. खऱ्या किल्लीला परवलीचं वाक्य लागतं. ते मलाही सांगायचं नाही, असं बजावून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागून कळफलकाचा आवाज यायचा आणि आवाजाबरोबर तिचं पुटपुटणं. घड्या घालताना स्वतःच जुळवून म्हणते तसलं काहीतरी, 'पांढऱ्यात पांढरं, बाई, कुणाचं गं कळंना.' मी कान झाकले आणि दोघी हसलो.

मग ठसा. तिला इंग्रजी वाचता येत नाही. अक्षरं ती आकारावरून ओळखत होती. ई म्हणजे फणी. एफ म्हणजे दात पडलेली फणी. सी म्हणजे अर्धी बांगडी, डी म्हणजे पोट सुटलेली, बी म्हणजे दोन पोटांची, आणि ए म्हणजे शिडी. 'दात पडलेली फणी, तीन, अर्धी बांगडी, सात,' असं ती पडद्यावर बोट ठेवून वाचत होती. मला तिचं इतकं कौतुक वाटलं की मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आणि कचेरीत परत येता येता उद्याचा फोन आठवला. उद्या स्पीकरवर हे. उद्या फाईलभाऊंच्या समोर 'दात पडलेली फणी' मी मोठ्यानं परत म्हणायची. मध्येच ती विसरून 'कळलं का गं बाळ' म्हणणार. मग हे कोण, असं कोणीतरी विचारणार.

दुसऱ्या दिवशी मी फाईलभाऊंना सांगितलं की त्या धुलाईघरातल्या बाईंचा ठसा काल मी समोर बसूनच ताडून पाहिला आहे, फोनची गरज नाही. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. रजिस्टर पुढे सरकवलं. मी सही केली, त्यांनी केली. सत्तावन्न साक्षीदारांच्या सत्तावन्न ओळी. त्यातली एक खोटी.

खरं तर खोलीवर ठसा नुसता वाचून झाला होता, ताडायला माझ्यापुढे दुसरं काही नव्हतंच. कचेरीच्या यादीत तिच्या नावाच्या दोन किल्ल्या पडल्या होत्या, एकाखाली एक, नावं अगदी सारखी. वरची सरावाची, खालची खरी. फोनवर ठसा ताडला असता तर पहिल्या चार अक्षरांतच कळलं असतं. मी वरच्या ओळीवर खूण केली आणि कामाला लागले.

तीन महिन्यांत मी आत्याला अकरा निरोप पाठवले. तिचे निरोप मला नीट उघडायचे, कारण ती ते कचेरीच्या किल्लीनं बंद करायची. लहान असायचे, एका बोटानं शोधून शोधून टंकलेले. 'तुझं पत्र मिळालं. वाचलं. बरं वाटलं.' मी विचारलेल्या गोष्टींची उत्तरं त्यात नसायची. मी वहीतल्या तारखा मागाव्यात आणि तिनं लिहावं, आज नवीन रोलर आला, याचा आवाज कमी आहे. मी कपाळाला आठ्या घालून म्हणायची, आत्याचं हे असंच. ठसा ताडून झाला की सुनावणीपर्यंत साक्षीदारांना भेटायचं नाही, फोनवर कामाचं बोलायचं नाही असा आणखी एक दंडक होता. तो मात्र मी अगदी काटेकोर पाळला. पाळायला सोपा होता.

सातवा निरोप सगळ्यांत महत्त्वाचा. साक्षीदारांची यादी समोरच्या पक्षाला, म्हणजे वृद्धनिवासालाही द्यावी लागणार होती. ज्याला आपलं नाव झाकून हवं असेल त्यानं ठरल्या तारखेच्या आत तसं लिहून कळवायचं. न कळवल्यास नाव उघड. सत्तावन्न जणांना हा निरोप गेला. बहुतेकांनी नाव झाका म्हणून कळवलं. जे तिथे नोकरीला होते त्यांनी तर झाडून सगळ्यांनी. आत्याचं उत्तर आलं: 'वाचलं. तू करशील ते बरोबरच असेल.'

मी दोनदा वाचलं. क्षणभर वाटलं, जाऊन विचारावं. मग वाटलं, तिनं वाचलंय म्हणते ना. धीट आहे आपली आत्या. यादीत तिचं नाव उघड गेलं. नाव, हुद्दा, खोलीचा पत्ता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दुपारी जेवणाची सुट्टी संपता संपता, आत्या कचेरीच्या दारात उभी राहिली. यंत्र तिनं उशीच्या पांढऱ्या अभ्र्यात घालून आणलं होतं आणि तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलं होतं. फाईलभाऊ समोरच होते. त्यांनी भुवई उंचावून माझ्याकडे पाहिलं, कोण, असं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'त्या धुलाईघरातल्या साक्षीदार बाई.'

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, चादर उजेडाला धरते तेवढाच. मग फाईलभाऊंना नमस्कार करून मला म्हणाली, 'मॅडम, जरा यंत्र दाखवायचं होतं.'

जिनं मला न्हाऊ-माखू घातलं तिनं मला मॅडम म्हटलं, आणि मी 'बसा' म्हणाले.

तिनं हळू आवाजात सांगितलं ते असं. व्यवस्थापकांनी बोलावून घेतलं होतं. यादी त्यांच्या टेबलावर होती. धुलाईघरात पुढच्या महिन्यापासून यायचं नाही आणि खोली महिनाअखेर रिकामी करायची. बरोबरच्या बायका तिच्या शेजारी घड्या घालायला उभ्या राहीनाशा झाल्या होत्या; त्यांनाही आपापली नोकरी होती, त्यांना काय बोल लावायचा. हे सगळं ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. नाव गेलं ते तुम्ही विचार करूनच दिलं असणार, म्हणाली. तिचं काम वेगळंच होतं. तिला वाटत होतं, यंत्र पहिल्यापासून थोडं बिघडलेलं आहे. निरोप यायचा, पण त्यावर टिचकी मारली की नुसती बारीक अक्षरांची भिंत उभी राहायची. आधी वाटलं असंच असेल, ही वाचायची काहीतरी वेगळी तऱ्हा असेल. मग वाटलं, आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं.

मी विचारलं, मग वाचलं असं का लिहीत होतात.

ती पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाली, 'तुम्ही एवढं शिकवून गेलात. आणि मला येत नाही, हे तुमच्या वरच्यांना कळलं असतं तर तुमचं नाव खाली आलं असतं.'

मी यंत्र उघडलं. अकरा निरोप, अकराही न उघडलेले. पहिल्यावर टिचकी मारली. पडद्यावर ओळ आली: या निरोपासाठी लागणारी खासगी किल्ली या यंत्रात नाही. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. असं झालं की काय बघायचं हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल; सत्तावन्न जणांना मीच शिकवलं आहे. निरोप कोणत्या किल्लीसाठी बंद केला आहे त्याची शेवटची आठ अक्षरं बघायची. यंत्रातल्या खासगी किल्लीची शेवटची आठ अक्षरं बघायची. दोन्ही शेजारी ठेवायची. ठेवली. जुळली नाहीत. माझ्या यादीत पाहिलं, आणि तिथे एकाच नावाच्या दोन ओळी एकाखाली एक मुकाट बसल्या होत्या.

सरावाची खासगी किल्ली त्याच दिवशी पुसली होती. म्हणजे मी लिहिलेलं आता जगात कोणालाच वाचता येणार नव्हतं. तिला नाही, मला नाही. अकरा निरोप मी विहिरीत टाकले होते, आणि दर वेळी विहिरीतून आवाज आला होता: वाचलं.

तोंड उघडलं आणि त्यातून काय आलं? 'किल्लीत बिघाड झालेला दिसतोय. होतं असं कधी कधी.'

'माझ्याच हातून झालं असेल,' आत्या लगेच म्हणाली, जणू मला वाट करून दिली. आणि मी त्या वाटेनं गेले. म्हटलं, तुम्ही बाहेर बाकावर बसा, मी बघते.

ती बाहेर गेली. मी पडद्याकडे बघत राहिले. सरावाच्या किल्लीवर खूण केली, पुसा म्हटलं. यंत्रानं विचारलं, नक्की पुसायचं? एकदा हो म्हटलं की यादीत एकच ओळ उरणार. रजिस्टर खरं ठरणार. न उघडण्याचं कारण शोधायला कोणी आलं तर त्याला एक साधी, न शिकलेली बाई सापडणार, जिनं काहीतरी दाबलं. फाईलभाऊ चहाचा कप घेऊन आले, म्हणाले, काय किल्लीताई, बाईंनी यंत्रपण धुवायला टाकलं होतं का? नेहमीसारखीच थट्टा. नेहमीसारखं हसू मात्र माझ्या ओठांवर आपोआप आलं. आलेलं मला जाणवलं. आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नको म्हटलं यंत्राला. उठले आणि वकीलबाईंच्या खोलीत गेले.

त्यांना सगळं सांगितलं: सरावाची किल्ली, न ताडलेला ठसा, खोटी सही, सातवा निरोप. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, न ताडता अशा किती सह्या केल्यात.

'एकच,' मी म्हणाले.

'सत्तावन्नात एकच. तीच का?'

'ती माझी आत्या आहे.'

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, 'म्हणजे घरचं माणूस म्हणून विश्वास ठेवलात.'

मी हो म्हणाले. कबूल करायला गेलेल्या खोलीतही एक खोटं बोलून आले. ते इतकं सोज्वळ दिसत होतं की वकीलबाईंचा आवाज थोडा मऊ झाला, आणि त्या मऊपणानं मला जास्तच टोचलं.

पुढचं त्यांनी भराभर केलं. समितीला त्याच दिवशी पत्र गेलं: नाव झाकण्याबद्दलची सूचना या साक्षीदाराला पोहोचलीच नाही, चूक सर्वस्वी आमच्या कचेरीची. खाली माझी सही. सत्तावन्नही ठसे नव्यानं ताडायचे, असं ठरलं. चार दिवसांनी समितीचा हुकूम आला. आत्याचं नाव यादीतून झाकलं, आणि सुनावणी होईपर्यंत तिला नोकरीवरून किंवा खोलीतून काढायचं नाही. कागदावर सगळं जागच्या जागी आलं. पण व्यवस्थापकांनी वाचलेलं नाव त्यांच्या डोळ्यांतून कोण झाकणार? आणि त्या बायका, ज्या तिच्या शेजारून उठल्या होत्या, त्या काही हुकमानं परत येऊन उभ्या राहणार नव्हत्या.

ठसे ताडायला आम्ही पुन्हा बसलो. स्पीकर चालू, फाईलभाऊ शेजारी. आत्याची पाळी आली. मी फोन लावला आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, 'आत्या, मी बोलतेय. वाच.' फाईलभाऊंची पेन्सिल थबकली. पलीकडे क्षणभर नुसता रोलरचा आवाज. मग ती वाचायला लागली. 'एफ, तीन, सी, सात.' सगळी अक्षरं नावानिशी, शुद्ध, सावकाश, शाळेतल्या मुलीनं घोकून यावं तशी. फणी नाही, बांगडी नाही. मला कानकोंडं होऊ नये म्हणून तिनं चार दिवसांत कोणाकडून तरी शिकून घेतलं होतं. मी एकेक अक्षर परत म्हणत होते. चाळीस झाली. जुळली. फाईलभाऊंनी सही केली, आणि आजतागायत त्यांनी तिची नक्कल केलेली नाही.

मग वकीलबाईंनी मला परवानगी दिली: एकदा जाऊन यंत्र नीट चालतंय ना ते बघून या.

गेले तेव्हा दुपारची पाळी सुरू व्हायला अर्धा तास होता. आत्यानं खाटेवर जागा करून दिली. तिनं विचारायच्या आत मी सांगितलं की यंत्र बिघडलं नव्हतं, तिच्या हातून काही दाबलं गेलं नव्हतं, चूक माझी होती, पहिल्यापासून माझीच. ती ऐकत राहिली. बरं झालं बाई, म्हणाली, मला वाटत होतं आता आपलं डोकं गेलं. मग यंत्र मांडीवर ओढून तिनं त्या अकरा निरोपांची यादी उघडली.

'आता हे उघडतील का?'

नाही, म्हटलं. कधीच नाही. कोणालाच नाही.

ती एकेकावर बोट फिरवत होती. एकावर थांबली. तो उघडला की अक्षरांची भिंत खालपर्यंत जायची, संपायचीच नाही.

'हा सगळ्यांत लांब होता. मी आपली खाली खाली जात राहायची. वाटायचं, एवढं लिहिलंय पोरीनं. कामाचं असेलच, पण मध्ये कुठेतरी घरचंही असेल. कशी आहेस, गुडघा दुखतो का, असं. वाचता येत नव्हतं तरी बरं वाटायचं.' मग माझ्याकडे न बघता विचारलं, 'काय होतं गं यात?'

तो लांब निरोप मला आठवत होता. त्यात जबानीचा नमुना होता, चार पानांचा. लांब होता तो नमुन्यामुळे.

मी काहीही सांगू शकले असते. सांगितलं असतं की होय आत्या, तुझ्या गुडघ्याचं विचारलं होतं, खिडकीतल्या पाइपचं विचारलं होतं, तुझी आठवण येते असं लिहिलं होतं. समितीला, वकीलबाईंना, जगातल्या कोणत्याही यंत्राला ते खोटं ठरवता आलं नसतं. तिला बरं वाटलं असतं. मलाही. बंद मजकुरानं माझ्यासाठी एवढी सोय करून ठेवली होती.

'चार पानांचा छापील नमुना होता,' मी म्हणाले. 'भरून पाठवायचा.'

'आणि बाकीच्यांत?'

'तारखा. सूचना. काय करायचं, काय नाही.'

'एकातही नाही?'

'एकातही नाही, आत्या.'

मग थांबता आलं नाही. फोनवर ठसा का ताडला नाही तेही सांगितलं. वकीलबाईंना सांगितलेलं विश्वासाचं कारण नव्हे, खरं ते. तुझं वाचणं चारचौघांत ऐकवायची मला लाज वाटली. तू माझी कोण, हे सांगावं लागलं असतं, त्याची लाज वाटली. बोलताना मी तिच्या हातांकडे बघत होते. साबणानं त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडलेली असतात, तशीच होती.

आत्या रडली नाही, रागावली नाही. 'ते मला त्या दिवशी दारातच कळलं होतं,' एवढंच म्हणाली. आणि थोड्या वेळानं, अगदी कामाच्या आवाजात, 'आता चालतंय की नाही ते बघ. पाळी सुरू होईल माझी.'

चाचणीचा निरोप पाठवायचा होता. कचेरीचं यंत्र मी बरोबर आणलं होतं. यादीत आता तिच्या नावाची एकच ओळ. त्या ओळीवर खूण केली आणि कोरा चौकोन उघडला. चाचणीत आम्ही नेहमी एकच वाक्य पाठवतो, 'हा चाचणीचा निरोप आहे.' ते टंकलं. पुसलं. तीन हातांवर ती बसलेली, आणि मला शब्द सुचेना. पस्तीस वर्षांत तिला मी कधी पत्र लिहिलंच नव्हतं. शेवटी लिहिलं: 'आत्या, तू कशी आहेस? गुडघा दुखतो का?' बंद केलं. पाठवलं.

तिच्या यंत्रात खूण उमटली. ती पुढे वाकली. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं मला आठवलं. मी उठले, पाठ फिरवली. मागून कळफलकावर एका बोटाचा सावकाश आवाज आला. या वेळी पुटपुटणं नव्हतं. मग आवाज थांबला.

मी वळले. मजकूर उघडला होता, मोठ्या स्वच्छ अक्षरांत, दोनच वाक्यं. आत्या त्यांच्याकडे बघत होती. ओठ हलत होते. दोन वाक्यं वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ हलत राहिले.

'उघडतंय,' ती म्हणाली.

मग तिनं यंत्र बंद केलं, अभ्र्यात घातलं, अभ्र्याचं तोंड नीट दुमडलं, आणि दारामागचा कामाचा डगला अंगावर चढवला. मी विचारलं होतं त्याचं उत्तर तिनं दिलं नाही. दार ओढून घेताना म्हणाली, 'सावकाश जा.' आणि उठताना तिनं गुडघ्यावर हात ठेवला होता, तो मी पाहिला.